फोकस जुळवणारा पहिला कॅमेरा

परभणीकडच्या जुन्या लग्नांचे अल्बम चाळले, की एखाद्या पानावर नवरानवरी पुसट आणि मागची झालर लख्ख, असा फोटो हमखास सापडतो. फोटोग्राफरला लेन्सची कडी फिरवून फोकस जुळवावा लागे. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात एकाच माणसाच्या दोन प्रतिमा दिसत. त्या एकमेकींवर नीट बसल्या की फोकस झाला. तोवर अक्षता पडून गेलेल्या असत.

डोळ्यांचं हे काम यंत्राने उचललं ते १९७७ मध्ये. जपानच्या कोनिशिरोकू कंपनीने त्या वर्षी ‘कोनिका सी३५ एएफ’ बाजारात आणला. बाजारात सर्रास मिळू लागलेला हा पहिला ऑटोफोकस कॅमेरा. लायकाने १९७६ च्या फोटोकिना प्रदर्शनात आपलं ऑटोफोकस तंत्र दाखवलं होतं, पण विक्रीला आणलं नाही. कोनिशिरोकूने अमेरिकेतल्या हनीवेलचं ‘व्हिजिट्रॉनिक’ मॉड्यूल घेतलं आणि बाजी मारली.

कॅमेऱ्याच्या दर्शनी बाजूला, लेन्सच्या वर दोन छोट्या खिडक्या. आत दोन आरसे, एक स्थिर, एक हलता. बटण दाबलं की हलता आरसा फिरतो, दोन्ही खिडक्यांतल्या प्रतिमा संवेदकांवर पडतात आणि त्या जिथे सगळ्यात जास्त जुळतात, त्या अंतरावर ३८ मिमीची लेन्स थांबते. रेंजफाइंडरवाला जे करी, नेमकं तेच.

खोड मात्र होती. उजेड कमी, किंवा समोर कोरी भिंत असली, तर जुळवायला खूणच मिळत नसे. शिवाय फोकस चौकटीच्या मधोमध. नवरानवरीत वीतभर अंतर राहिलं, की पुन्हा झालरच लख्ख! १९७९ मध्ये कॅननने ‘एएफ३५एम’मध्ये अवरक्त किरण सोडून अंधाराची अडचण सोडवली. १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० ने बॉडीतच मोटर बसवून एसएलआर कॅमेऱ्याचा फोकसही आपोआप केला. पुढे हनीवेलने पेटंटसाठी कोर्टात खेचल्यावर मिनोल्टाला १२ कोटी ७५ लाख डॉलर मोजावे लागले.

त्या काळात आपल्याकडे आयातीवर निर्बंध होते. घराघरांत पोचले ते हॉट शॉट आणि नंतर कोडॅक केबी१० यांसारखे कॅमेरे. त्यांनी वेगळीच तोड काढली: फोकस कायमचा ठरलेला, जुळवायचाच नाही. दोन पावलं मागे सरका आणि बटण दाबा.

आता मोबाइल स्वतःच चेहरे हुडकतो. पण चौकटीत चार चेहरे आले, तर त्यातला आपला कोणता, हे आजही बोट ठेवूनच सांगावं लागतं.