वळवाचं वादळ येतंय, हे कसं ओळखायचं?

१३ मे २०२४ ची दुपार आठवते? मुंबईत धुळीचं वादळ आलं, घाटकोपरला महाकाय जाहिरात फलक कोसळून १७ जण गेले, वडाळ्यात वाहनतळाचा लोखंडी सांगाडा पडला. अमेरिकेतल्या टोर्नेडोसारखं ते फिरणारं वादळ नव्हतं. गडगडाटी ढगातली थंड, जड हवा जमिनीवर आदळून चौफेर पसरते आणि वाऱ्याचा सुसाट झोत येतो. असा ढग आपल्याला आधी खुणा देतो:

🌩️ दुपारनंतर पूर्वेला, ठाणे-कल्याणच्या दिशेला, फुलकोबीसारखा उंच वाढत जाणारा ढग. त्याचा माथा सपाट पसरला, बूड काळं पडलं की समजा, तो जोरात आहे.
🌬️ समुद्राकडून येणारा वारा अचानक पडतो, उकाडा असह्य होतो.
🌫️ मग पूर्वेकडून गार झोत आणि धुळीची भिंत. आता हातात काहीच मिनिटं असतात.
⚡ वीज दिसल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. लगेच घरात या.

लालबाग-परळच्या चाळींत सुटे पत्रे आणि गॅलरीतल्या कुंड्या आधीच आवरा. गिरगावच्या गल्ल्यांत, दादरच्या हिंदू कॉलनीत जुन्या झाडांखाली थांबू नका, गाडीही लावू नका. फलक आणि बांधकामाच्या परांच्यांपासून लांब राहा.

हवामान खात्याचे रडार कुलाबा आणि वेरावलीला आहेत. त्यांची चित्रं खात्याच्या संकेतस्थळावर दिसतात. विजेच्या इशाऱ्यासाठी ‘दामिनी’ ॲप आजच घ्या आणि ही पोस्ट आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर पाठवा.