अंगठ्याची जागा

रायफलची नळी, चाप आणि नेम धरण्याची साधने ज्या लाकडी किंवा धातूच्या अंगावर बसवलेली असतात आणि ज्याच्या आधारे ती खांद्याला, गालाला व दोन्ही हातांना भिडते, त्या अंगाला मराठीत दस्ता म्हणतात. नेमबाजांच्या बोलण्यात मात्र ‘स्टॉक’ हाच शब्द रुळला आहे. साध्या दस्त्याची मान चापाच्या मागे निमुळती होते आणि पकडणाऱ्या हाताचा अंगठा तिच्यावरून पलीकडे जातो. थंबहोल दस्त्यात मानेच्या वरचे लाकूड तसेच राखून मधोमध आरपार भोक पाडलेले असते. अंगठा त्या भोकातून जातो, पकड पिस्तुलाच्या मुठीसारखी जवळजवळ उभी होते आणि गाल टेकण्याची कड पुढपर्यंत सलग राहू शकते. परदेशांत शिकारीच्या रायफलींनाही असे दस्ते लावतात. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा छंद निकालात काढल्यामुळे येथे थंबहोल दस्ता घ्यावा का, हा प्रश्न नेमबाजीच्या रेंजवरच विचारला जातो, आणि पुण्यात तो बालेवाडीला विचारला जातो.

१९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धाही झाल्या. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल तीन स्थिती या प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवणारे स्वप्नील कुसाळे हे मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे असले, तरी मध्य रेल्वेच्या पुण्यातील नोकरीमुळे आणि बालेवाडीतील सरावामुळे या शहराशी जोडलेले आहेत. त्याच कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथे पडून नेम धरण्याच्या प्रकारात, जागतिक विजेतेपद मिळवले होते. या दोन यशांनंतर अनेक पालकांचे लक्ष १० मीटरच्या एअर रायफलपलीकडे, ०.२२ बोअरच्या रायफलकडे वळू लागले, तर त्यात नवल नाही. आणि या दोन रायफलींमधल्या वाटेवरच थंबहोलचा प्रश्न उभा राहतो.

याचे कारण नियमांत आहे. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार १० मीटर एअर रायफलच्या दस्त्याला थंबहोल, अंगठा टेकवण्याची खाच आणि तळहाताखालचा आधार, म्हणजे पाम-रेस्ट, वर्ज्य आहेत. पिस्तुली मूठ चालते, पण अंगठ्याभोवती लाकडाचे कडे चालत नाही. ५० मीटरच्या रायफलीला ही मोकळीक आहे. जर्मनीतील उल्म येथील अन्शुट्झ कंपनीच्या दोन प्रसिद्ध रायफलींवरून हा फरक स्पष्ट होतो. १९०७ आणि १९१३ या क्रमांकांच्या या रायफलींची मूळ यंत्रणा एकाच घराण्यातली आहे, परंतु १९०७ चा दस्ता थंबहोलशिवाय येतो, तर १९१३ च्या लाकडी दस्त्याला थंबहोल असते. एअर रायफलवर चार-पाच वर्षे घडलेला नेमबाज १९१३ हाती घेतो, तेव्हा त्याला नवी रायफल मिळते हे खरे, पण त्याहून अधिक म्हणजे त्याच्या अंगठ्याला नवे घर मिळते, आणि जुन्या घराची सवय लवकर सुटत नाही.

अंगठ्याला एवढे महत्त्व का, हे एका साध्या हिशेबाने कळते. खांद्यापासून नळीच्या तोंडापर्यंतचे अंतर सुमारे १ मीटर धरले आणि चाप दाबण्याच्या क्षणी नळीचे तोंड ०.१ मिलिमीटर बाजूला ढळले, तर ५० मीटरवरील लक्ष्यावर ती चूक ५ मिलिमीटरची होते. तेथील दहाच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो. मनुष्याची मूठ आवळण्याची क्रिया एकसंध असते, त्यामुळे तर्जनी चापावर दाब वाढवू लागली की अंगठाही नकळत दाबू लागतो, आणि मानेवरून पलीकडे गेलेल्या अंगठ्याचा तो आडवा दाब थेट रायफलीला मिळतो. थंबहोलमध्ये मनगट सरळ राहते, मूठ उभी होते आणि अंगठ्याला काही धरून ठेवावे लागत नाही. थंबहोलचा खरा गुण एवढाच: अंगठ्याला पकड देणे नव्हे, तर त्याला बेकाम करणे. ज्या हाताला हे भोक अंगठा दाबायला उद्युक्त करते, त्या हातासाठी ते निरुपयोगी ठरते.

म्हणूनच निवडीची सुरुवात कॅटलॉगपासून न होता हातापासून व्हावी लागते. रिकामी रायफल घेऊन, चेंबर मोकळे असल्याची खात्री करून, नेमबाज आपल्या नेहमीच्या स्थितीत उभा राहतो, डोळे मिटतो, रायफल खांद्याला लावतो, गाल टेकवतो आणि मग डोळे उघडतो. मागच्या नेमसाधनाचे छिद्र आणि पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकाजवळचे नेमसाधन, मान न हलवता एका रेषेत दिसली, तर गालाची पट्टी योग्य उंचीवर आहे. त्यानंतर पाहणाऱ्याची नजर उजव्या हातावर जाते. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग चापावर सरळ मागे दाबला जातो का, तर्जनीची बाजू लाकडाला घासते का, करंगळी मुठीखाली निसटते का आणि अंगठ्याच्या मुळाशी भोकाची कड रुतते का, या चार गोष्टी काही मिनिटांत दिसतात. तर्जनी लाकडाला टेकत असेल, तर चापाबरोबर दस्ताही ढकलला जातो. अशा वेळी चाप पुढेमागे सरकवून पाहतात किंवा मुठीचे लाकूड कानसीने आणि पॉलिश पेपरने थोडे थोडे उतरवतात. भोक मात्र मोठे करता येते, लहान करता येत नाही, हे वाढत्या वयाच्या मुलामुलींसाठी दस्ता घेताना विशेष ध्यानात ठेवावे लागते. मुठीला डावे-उजवेपण असल्यामुळे डावखुऱ्या नेमबाजाला दुसऱ्याचा थंबहोल दस्ता उसना घेऊन भागवता येत नाही.

दुसरा मुद्दा हाताच्या येण्याजाण्याचा आहे. एकेक काडतूस भरून डागण्याच्या या खेळात प्रत्येक गोळीनंतर बोल्ट, म्हणजे काडतूस बसवणारा आणि रिकामे बाहेर काढणारा दांडा, उघडण्यासाठी उजवा हात भोकातून बाहेर येतो आणि पुन्हा आत जातो. गुडघ्यावर, पालथे आणि उभे अशा तीन स्थितींत मिळून पात्रता फेरीत ६० गोळ्या असतात, त्यामुळे हा प्रवास साठ वेळा घडतो आणि प्रत्येक वेळी हात त्याच जागी बसावा लागतो. थंबहोलचे कडे हाताला जागा दाखवते, हा लाभ. पण घट्ट कड्यात हात घालताना रायफल खांद्यावरून किंचित सरकते, हा तोटा. स्थिती बदलली की मनगटाचा कोनही बदलतो, म्हणून उभ्या स्थितीत सोयीची वाटलेली मूठ पालथे पडल्यावरही तपासून पाहिल्याशिवाय निर्णय होत नाही.

लाकडाची निवड पुण्याच्या हवामानाशी निगडित आहे. अक्रोडाचा किंवा बीचचा दस्ता जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत फुगतो आणि मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात आकसतो; नळीची यंत्रणा दस्त्याला ज्या स्क्रूंनी आवळलेली असते त्यांचा ताण त्यामुळे बदलतो आणि गोळ्यांचा पुंजका विस्कटतो. थंबहोलभोवती लाकूड पातळ असते, तेथे तंतू आडवे गेले असतील तर तडा जाण्याची भीती अधिक. पातळ थर चिकटवून केलेला लॅमिनेटेड दस्ता या दोन्ही बाबतींत भरवशाचा असतो. अ‍ॅल्युमिनियमच्या दस्त्यांनी तर प्रश्नाचे रूपच बदलले आहे: त्यांत मूठ स्वतंत्रपणे बोल्टने बसवलेली असते, ती फिरवता, कलवता व सरकवता येते आणि अंगठ्याभोवतीची जागा मुळातच मोकळी असते. तरीही लाकडाचा उबदार, न घसरणारा स्पर्श पसंत करणारे नेमबाज आहेत, आणि त्यांची पसंती केवळ जुन्याची ओढ म्हणून झटकता येत नाही.

अखेरचा कौल कागदावरच्या छिद्रांनी द्यायचा असतो, आणि तोही एका दिवसात नव्हे. नवा दस्ता पहिल्या आठवड्यात जुन्यापेक्षा वाईट गुण देतो, कारण हाताची जुनी सवय त्याच्याशी भांडत असते. दोन महिन्यांनी मुठीच्या तेल लावलेल्या लाकडाकडे निरखून पाहिले, तर घामाने काळवंडलेली जागा दिसू लागते. तळहाताखाली ती गडद आणि रेखीव असेल, तर हात दर वेळी तेथेच येतो आहे. अंगठ्याच्या बाजूला मात्र लाकूड अजून नव्यासारखे फिकट असेल, तर निवड योग्य झाली असे समजायला हरकत नाही.