पोशाख की पाठीवरचा डबा?

विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. कुठे डब्याऐवजी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा, कुठे वाळलेला भोपळा. डबा आहे तोवर पोरगं कितीही हातपाय मारो, काठावरचे त्याला पोहणारा म्हणत नाहीत. २००९च्या उन्हाळ्यात रोममध्ये जगातल्या सर्वोत्तम जलतरणपटूंवर आरोप झाला तो जवळपास हाच. फरक इतकाच, की त्यांचा डबा अंगभर ताणून बसवलेला होता आणि तो दिसत नव्हता.

फोरो इटालिकोच्या उघड्या तलावात त्या वर्षीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. आठ दिवसांत ४३ विश्वविक्रम झाले. सगळ्यात जास्त चर्चा झाली ती २०० मीटर फ्रीस्टाइलची. जर्मनीच्या पॉल बीडरमनने ती १ मिनिट ४२.०० सेकंदांत जिंकली आणि मायकेल फेल्प्सचा विक्रम जवळजवळ एका सेकंदाने मोडला. हाच बीडरमन वर्षभरापूर्वी बीजिंग ऑलिंपिकमध्ये याच शर्यतीत पाचवा आला होता. एका वर्षात चार सेकंद! या पातळीवर सेकंदाच्या दहाव्या हिश्शासाठी माणसं वर्षं घालवतात. फेल्प्सच्या अंगात आदल्या वर्षीचा ‘स्पीडो’चा पोशाख होता, बीडरमनच्या अंगात ‘अरीना’चा नवा, पूर्ण पॉलियुरेथेनचा. शर्यतीनंतर बीडरमननेही पोशाखाचा वाटा नाकारला नाही. फेल्प्सचे प्रशिक्षक बॉब बोमन मात्र भडकले. असल्या पोशाखांवर ताबडतोब बंदी आली नाही, तर आपला माणूस आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरणार नाही, असा इशाराच त्यांनी दिला.

या सगळ्याची मुळं पाण्याच्या स्वभावात आहेत. पाणी हवेच्या सुमारे आठशे पट दाट. त्यात वेग दुप्पट करायचा, तर विरोध साधारण चौपट होतो आणि लागणारी ताकद आठपट. म्हणून वेगवान पोहणाऱ्याला आणखी थोडं जोर लावण्यापेक्षा विरोध थोडा कमी करणं स्वस्त पडतं. हा विरोध तीन वाटांनी येतो: कातडीला घासणारं पाणी, अंगाच्या आकारामुळे मागे उठणारे भोवरे, आणि पृष्ठभागावर उठणाऱ्या लाटा. दाढी-मिशांसकट अंगावरचे केस भादरून शर्यतीला उभं राहण्याची जुनी प्रथा पहिल्या वाटेवरचा इलाज.

पोशाख करणाऱ्यांनीही आधी तीच वाट धरली. २०००च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ‘स्पीडो’ने शार्कच्या कातडीवरून सुचलेला ‘फास्टस्किन’ आणला. किनाऱ्यावर ज्यांनी मुशी साफ केली असेल, त्यांना ही कातडी माहीत आहे. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर खरकागद. दातांसारख्या बारीक, टणक खवल्यांची ती करामत. कल्पना इतकी देखणी, की बरीच वर्षं तिच्यावर कुणाला फारसा संशय घ्यावासा वाटला नाही. पुढे हार्वर्ड विद्यापीठाच्या जॉर्ज लॉडर यांनी सहकाऱ्यासह खऱ्या शार्कची कातडी एका लवचीक पट्टीवर चिकटवून ती यंत्राने पाण्यात ‘पोहवली’. खवले शाबूत असताना पट्टी ज्या वेगाने जात होती, तो वेग खवले घासून काढल्यावर घटला. दोन्हींत सुमारे बारा टक्क्यांचा फरक पडला. पोशाखाच्या कापडाचा मात्र तसा काही फायदा दिसला नाही. २०१२ साली हे निष्कर्ष छापून आले. शार्कच्या नावावर बारा वर्षं कापड विकलं गेलं ते असं.

खरी उडी शार्कला सोडल्यावरच बसली. फेब्रुवारी २००८मध्ये ‘स्पीडो’ने ‘एलझेडआर रेसर’ आणला. त्यासाठी ‘नासा’च्या लँग्ली केंद्रातल्या वातबोगद्यात कितीतरी कापडं तपासली गेली. शिवण दोऱ्याची नव्हती. श्राव्यातीत ध्वनिलहरींनी कडा सांधलेल्या होत्या. नायलॉन-इलॅस्टेनच्या कापडावर ठिकठिकाणी पॉलियुरेथेनचे पट्टे. पोशाख इतका घट्ट, की तो चढवायलाच वीसेक मिनिटं लागत. पण पोट, छाती, मांड्या आवळल्या गेल्या की माणसाचं अंग गुळगुळीत नळकांड्यासारखं होई आणि पाण्यात थरथरणारं मांस जागच्या जागी राही. बीजिंगमध्ये तलावात २५ विश्वविक्रम झाले, त्यांतले २३ याच पोशाखात.

जपानी संघापुढे त्याआधी वेगळाच पेच उभा राहिला होता. त्यांचे करार देशी कंपन्यांशी होते. जून २००८मध्ये कोसुके कितजिमाने ‘एलझेडआर’ घालून २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचा विश्वविक्रम केला आणि जपानच्या महासंघाने करार बाजूला ठेवून खेळाडूंना मोकळीक दिली. त्याच स्पर्धेत कितजिमा ‘पोहणारा मी आहे’ अशा अर्थाचा मजकूर छापलेला टी-शर्ट घालून वावरत होता. विक्रम मोडणाऱ्यालाच हे छातीवर लिहून सांगावं लागावं, यातच त्या वर्षाची सगळी गंमत आली.

पट्ट्यांनी काम होतं, तर मग सगळा पोशाखच पॉलियुरेथेनचा का नको? २००९मध्ये ‘अरीना’ आणि ‘जेकेड’ने तेच केलं. इथे डबा खऱ्या अर्थाने पाठीवर आला. या पदार्थातून पाणी झिरपत नाही, आणि पोशाख व कातडी यांच्यामध्ये थोडी हवा अडकून राहते. शर्यतीच्या शेवटच्या पंचवीस मीटरांत दमलेल्या माणसाची कंबर आणि पाय खाली जाऊ लागतात. तिरकं झालेलं अंग जास्त पाणी ढकलतं, आणि माणूस आणखी दमतो. हवा धरून ठेवणारा पोशाख नेमकी तीच कंबर वर उचलून धरी. अंग जितकं पाण्याबाहेर, तितका विरोध कमी. एकावर एक दोन पोशाख चढवणारेही निघाले.

नियमांत हे बसत होतं का? वेग, तरंगणं किंवा दम वाढवणारं कोणतंही साधन वापरायचं नाही, असं जलतरणाच्या नियमपुस्तकात आधीपासून होतं. वाद होता तो कापड कुठे संपतं आणि साधन कुठे सुरू होतं, याचा. मार्च २००९मध्ये ‘फिना’ या जागतिक महासंघाने दुबईत मोजमाप ठरवलं: जाडी एक मिलिमीटरपर्यंत, तरंगबल एक न्यूटनपर्यंत. एक न्यूटन म्हणजे साधारण शंभर ग्रॅमचं वजन तोलण्याइतकं बळ. ऐकायला काटेकोर. पण प्रयोगशाळेत मोजलं जाई ते पोशाखाचं तरंगणं. अंगावर चढल्यावर आत अडकणारी हवा त्या मापात कुठून येणार? शिवाय ती प्रत्येकाच्या अंगावर सारखी नाही. आधीच सडपातळ, पाण्यावर उंच राहणाऱ्याला पोशाखाने थोडंच दिलं. दणकट आणि जड अंगाच्याला बरंच. म्हणजे सगळ्यांना एकच पोशाख वाटून टाकला असता, तरी क्रमवारी बदललीच असती. ‘सगळ्यांना मिळतो, मग अन्याय कसला?’ हा पोशाखवाल्यांचा आवडता युक्तिवाद याच ठिकाणी लंगडा पडतो.

पोशाखावरून भांडणं काही नवी नव्हती. १९३२च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्लेअर डेनिस या सोळा वर्षांच्या ऑस्ट्रेलियन मुलीविरुद्ध तक्रार झाली, ती पोशाखातून तिचा खांद्यामागचा भाग फार दिसतो म्हणून. तक्रार टिकली नाही आणि तिने २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं सुवर्णपदक जिंकलं. तेव्हा कापड कमी पडलं होतं. पाऊणशे वर्षांनी ते फार झालं.

निकाल लागला तोही रोममध्येच, आणि शर्यती सुरू होण्याआधी. ‘फिना’च्या सभेने प्रचंड बहुमताने हे पोशाख हद्दपार केले, पण अंमल १ जानेवारी २०१०पासून. तेव्हापासून पुरुषांना कंबरेपासून गुडघ्यापर्यंत, स्त्रियांना खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, आणि तेही फक्त विणलेलं, पाणी-हवा झिरपू देणारं कापड. चेनही नाही. याचा अर्थ, ते ४३ विक्रम झाले तेव्हा पोशाखांना शिक्षा सुनावून झाली होती. फाशीच्या आधीची ती मेजवानी होती. विक्रम मात्र पुसले गेले नाहीत, त्यांच्यापुढे साधी फुलीही पडली नाही. पुढच्या पिढीला उघड्या छातीने जुन्या पॉलियुरेथेनशी शर्यत लावावी लागली.

काही विक्रम त्यात हळूहळू पडले. बीडरमनने त्याच रोममध्ये इयान थॉर्पचा ४०० मीटर फ्रीस्टाइलचा विक्रम सेकंदाच्या शंभराव्या भागाने मोडला होता. तो एप्रिल २०२५मध्ये त्याच्याच देशाच्या लुकास मार्टेन्सने ३ मिनिटं ३९.९६ सेकंदांची वेळ देऊन खाली आणला. ब्राझीलच्या सेसार सिएलोचा १०० मीटरचा ४६.९१ सेकंदांचा विक्रमही फोरो इटालिकोचाच. ऑगस्ट २०२२मध्ये युरोपीय स्पर्धा त्याच तलावात भरली. रुमानियाचा डेव्हिड पोपोविची तेव्हा सतरा वर्षांचा होता. सिएलो जिंकला त्या वर्षी तो चार वर्षांचा होता. अंगात कंबर ते गुडघा कापडी पोशाख, बाकी उघडा, आणि वेळ ४६.८६. सेकंदाच्या पाच शतांशांचा फरक. पाण्यात मोजायचा, तर वीतभरही नाही.