लव्हाळ्याचा पाहुणा भाऊ ओळखा



मुंबईला जाताना पनवेल लागते. तिथे पाऊस भरपूर, जमीन सखल. जागोजागी भराव अन् खोदाई. अशा ओल्या, उकरलेल्या जागी लव्हाळ्याच्या जाती लवकर पाय रोवतात. त्यातली एक परदेशी जात आपल्याकडे रोपवाटिकेतून येते. 'अंब्रेला पाम' म्हणून ती विकतात, पण हा पाम नव्हे. हा लव्हाळ्याचाच भाऊ, मूळचा आफ्रिकेकडचा. शास्त्रीय नाव सायपरस इन्व्होल्युक्रॅटस.

आधी गवत की लव्हाळा, ते पाहा. ऊस हे गवतच आहे. त्याला पेरे असतात, दांडा गोल असतो. लव्हाळ्याच्या दांड्याला पेर नसते. दांडा चिमटीत धरून फिरवा, तीन कडा बोटांना लागतील. पाहुण्याच्या कडा जरा बोथट असतात.

आता दोघांतला फरक. आपला लव्हाळा गुडघ्याखालीच राहतो. पाने बुडाशी, तुरा तांबूस-तपकिरी. उपटला तर मुळाशी काळपट गाठींची माळ निघते. यालाच आपण नागरमोथा म्हणतो. पाहुणा कमरेएवढा किंवा त्याहून उंच. बुडाशी पाने नाहीत, नुसती तपकिरी वेष्टने. शेंड्याला मात्र पंधरा-वीस लांब पाने छत्रीच्या काड्यांसारखी पसरलेली. खाली गाठी नाहीत, जाड आडवे खोड असते.

हे ओळखायचे कशाला? कारण दोघांचा उपाय वेगळा. लव्हाळ्यावर रोटाव्हेटर फिरवला की गाठींची माळ तुटते आणि एकाचे दहा होतात. उभ्या उसात हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल ७५ टक्के हे औषध एकरी ३६ ग्रॅम वापरतात. डब्यावरची सूचना वाचूनच फवारावे. पाहुण्याचे बेट मात्र ओल असतानाच खोडासकट कुदळीने खणून काढावे.

आणि एक लक्षात ठेवा. या पाहुण्याची छत्री तोडून पाण्यात टाकली तरी तिला मुळ्या फुटतात. म्हणून हौसेने हौदाकाठी लावलेले रोप छाटल्यावर तो पाला चारीत किंवा पाटात टाकू नका. उन्हात कडकडीत वाळवून जाळा. आज एका घरचा पाला, उद्या साऱ्या चारीचा गाळ, असे व्हायला नको.

ओळख पटली नाही तर मुळासकट एक रोप घेऊन गट कार्यालयात या. शेतकी विभागातील आपली माणसे पाहून सांगतील.