जुनी केबिन, नवी चेसिस

वाशिम, रिसोड, कारंजा, कुठल्याही बाजार समितीच्या आवारात हंगामात जा. सोयाबीनची पोती भरलेल्या पिकअपांची रांग लागलेली असते. एमएच-३७ पासिंगच्या त्या रांगेत बोलेरो हमखास असते. ती बनवणारी महिंद्रा कंपनी १९६५ मध्ये हलक्या मालवाहू गाड्यांत उतरली ती एफसी-१५० घेऊन. बॉनेट नाही, समोर सपाट पत्रा, दोन मोठे गोल दिवे, आणि चालक थेट पुढच्या चाकांच्या वर बसलेला. आपल्याकडे बनलेल्या छोट्या ट्रकांत मला ही सर्वांत देखणी वाटते.

तिचा जन्मच मोठा विलक्षण आहे. अमेरिकेतल्या विलीज कंपनीने १९५६ च्या अखेरीस ही गाडी आणली, ती सीजे-५ जीपच्या चेसिसवर. दोन आसांमधलं अंतर जीपचंच, ८१ इंच. ब्रूक्स स्टीव्हन्स या आरेखकाने चालकाला उचलून पुढे नेलं, चार सिलिंडरचं २.२ लिटरचं इंजिन आसनांच्या मध्ये झाकणाखाली घेतलं, आणि मागे सहा फुटांहून लांब हौदा मोकळा झाला. एवढ्याशा गाडीला एवढा हौदा ही तेव्हा नवलाई होती. उंच केबिन आणि अरुंद चाकं यांमुळे ती डुलायची, म्हणून १९५८ मध्ये डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर ४८ वरून ५७ इंच केलं.

म्हणजे ही गाडी मुळातच तयार चेसिसवर बांधलेली नवी केबिन होती. आज कुणी तिची गंजकी केबिन नव्या चेसिसवर चढवायला निघालं, तर तो तिच्या स्वभावाला धरूनच वागतो, असं मी मानतो. कारणही पटण्यासारखं आहे. जुन्या चेसिसला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि हाताला घाम फोडणारं स्टिअरिंग. नव्या पिकअपला पुढे डिस्क ब्रेक, पॉवर स्टिअरिंग, शिवाय सुटे भाग तालुक्याच्या गावात मिळतात.

अडचण चेसिस निवडण्यापासूनच सुरू होते. बोलेरोची शिडीसारखी चेसिस मजबूत, पण इंजिन पुढे, बॉनेटखाली. एफसीची केबिन तिच्यावर ठेवली की इंजिन आत घुसतं. पेडल, स्टिअरिंगचा दांडा, गिअरचा लिव्हर, सगळं पुढे सरकवावं लागतं. १९८६ मध्ये आलेल्या टाटा ४०७ मध्ये चालक बराच पुढे बसतो, त्यामुळे हे काम सोपं. पण त्या रुंद चेसिसवर ही चिमुकली केबिन हरवून जाते. मी बोलेरोच घेईन. कष्ट जास्त, पण गाडीचा बांधा राहतो.

पुढचं काम चिकाटीचं. केबिन बोल्ट आणि रबरी बुशांवर बसते, ती सोडवून उचलता येते. फ्लोअरचा आणि दरवाज्यांच्या तळाचा पत्रा बहुधा सडलेला असतो. तो कापून नवा जोडायचा, वरून पुट्टी थापून झाकायचा नाही. चेसिसच्या पट्ट्यांवर मनाला येईल तिथे वेल्डिंग करू नये, उष्णतेने पोलाद त्या जागी कमजोर होतं. ब्रॅकेट बोल्टने आवळावेत. वजन पुढे सरकल्याने मागची चाकं ब्रेक मारताना हलकी पडतात, म्हणून ब्रेकचा समतोल आणि पाटे पुन्हा तपासावे लागतात. हौदा आणि फाळका आपल्याकडचे बॉडीवाले उत्तम बांधतात. नुसती चेसिस घेऊन बॉडी बांधून घेण्याची रीत ट्रकच्या धंद्यात जुनीच आहे.

कायदा मात्र कडक आहे. नोंदणी चेसिसवर ठोकलेल्या नंबराची असते, केबिनच्या रूपाची नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठणकावलं. कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. २०२१ च्या नियमांतली ‘व्हीए’ मालिकेची व्हिंटेज नोंदणीही इथे उपयोगी नाही. तिला गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातच लागते.

तेव्हा चेसिस विकत घेण्याआधी नकाशा घेऊन वाशिमच्या परिवहन कार्यालयात जावं आणि काय मंजूर होईल ते लेखी घ्यावं. मंजुरी नसेल तर ही गाडी शेताच्या बांधापर्यंत आणि प्रदर्शनापुरतीच. आणि एफसीची मूळ चेसिस धड असेल, तर तिला ग्राइंडर लावूच नये. ती गाडी जशी आहे तशीच उभी करावी.