गिटारच्या दांडीतली सळई

१९५० साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन इथे लिओ फेंडर यांची एस्क्वायर ही इलेक्ट्रिक गिटार तयार झाली, तेव्हा तिच्या दांडीत लाकडाशिवाय काही नव्हतं. मेपलचं लाकूड चांगलं कडक, त्याला आधार कशाला, असा लिओंचा विचार. पण सहा तारा सुरात लावल्या की मिळून सुमारे ४५ किलोंचा ताण दांडीवर येतो आणि तो रात्रंदिवस राहतो. दांड्या वाकू लागल्या. विक्रीची बाजू सांभाळणारे डॉन रँडल यांनी आग्रह धरला आणि त्याच वर्षी फेंडरच्या दांडीत पोलादी सळई बसली. तिलाच ट्रस रॉड म्हणतात.

दांडी अगदी सरळ असावी असं मात्र नाही. छेडलेली तार मधोमध सर्वांत जास्त झुलते, म्हणून दांडीला तिथे किंचित खोलगट बाक लागतो. फेंडरच्या बऱ्याच गिटारींसाठी तो आठव्या फ्रेटपाशी, म्हणजे सतारीच्या भाषेत आठव्या पडद्यापाशी, पाव मिलिमीटर धरतात. बाक वाढला की तारा उंच होतात आणि बोटं दुखतात. कमी झाला की तारा पडद्यांवर घासून झणझणतात. शिवाय लाकूड ऋतूबरोबर बदलतं. पावसाळ्यात घराचं दार फुगून अडकतं, तसाच हा प्रकार. जुन्या पद्धतीत सळई एका वळणदार खाचेत बसवलेली असते, मधला भाग दांडीच्या पाठीकडे झुकलेला. टोकाचा नट आवळला की सळई सरळ व्हायला धडपडते आणि दांडीचा मधला भाग तारांच्या दिशेने उचलते.

हा नट कुठे ठेवायचा, यावरच कारखान्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

मिशिगनमधल्या कलामझू इथल्या गिब्सन कंपनीत थॅडियस मॅकह्यू यांनी जुळवता येणारी सळई तयार केली. पेटंटसाठी अर्ज १९२१ चा, मंजुरी १९२३ ची. गिब्सनने नट ठेवला खुंट्यांच्या बाजूला, हेडस्टॉकवर, घंटेच्या आकाराच्या छोट्या झाकणाखाली. झाकणाचे स्क्रू काढायचे, नळीसारखा पाना घालायचा, फिरवायचा. तारा जागच्या जागी राहतात. वादकाच्या दृष्टीने याहून सोपं काय! पण या सोयीची किंमत लाकडाला मोजावी लागते. हेडस्टॉक मागे कललेला, दांडी तिथेच सर्वांत बारीक, आणि नेमकी तिथेच नटासाठी खोबण. गिब्सनची लेस पॉल गिटार खाली पडली तर बहुधा याच जागी मोडते, हे दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांना पाठ असतं.

फेंडरने उलट केलं. दांडी एकाच मेपलच्या तुकड्याची असल्याने सळई पाठीमागून घातली आणि खाच अक्रोडाच्या पट्टीने बुजवली. जुन्या फेंडरच्या पाठीवर दिसणारी ती काळसर रेघ शोभेची नाही. नट दांडीच्या बुडाशी, गिटारच्या अंगात लपलेला, त्यामुळे हेडस्टॉक भरीव राहिला. मात्र वादकाचे हाल झाले. तारा सैल करा, दांडीचे चार स्क्रू ढिले करा, दांडी उचला, नट जरा फिरवा, सगळं पुन्हा बसवून सुरात लावा आणि मग बघा. नाही जमलं? पुन्हा पहिल्यापासून. १९७१ च्या सुमारास फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा नट हेडस्टॉकवर आला, बंदुकीच्या गोळीसारखा दिसणारा. आज जुन्या मॉडेलांच्या प्रतिकृतींमध्ये तो बहुधा बुडाशीच असतो, तर आधुनिक मॉडेलांत हेडस्टॉकवरच्या भोकातून ॲलन की घालावी लागते.

रिकनबॅकर कंपनीची तऱ्हा न्यारी. दांडीत दोन सळया शेजारी शेजारी, म्हणजे पीळ पडला तर दोन बाजू वेगवेगळ्या जुळवता येतात. पण त्यांच्या जुन्या गिटारींत प्रत्येक सळई केसांच्या पिनेसारखी दुमडलेली असे. तिथे दांडी आधी हाताने दाबून हव्या त्या आकारात आणायची आणि नट फक्त ती धरून ठेवण्यापुरता आवळायचा. नुसत्या पान्याच्या जोरावर वाकवायला गेलं तर फ्रेटबोर्डच उखडू शकतो. नव्या माणसाने इथे घाई करू नये.

आणखी एक उणीव होती. एकेरी सळई दांडीला एकाच दिशेने ढकलते. दांडी मागे वाकली असेल तर नट सैल करून तारांच्या ताणावर भरवसा ठेवण्यापलीकडे काही उरत नाही. दुहेरी सळईने ही अडचण सोडवली. नट एका बाजूला फिरवला की दांडी मागे, दुसऱ्या बाजूला फिरवला की पुढे. मोबदल्यात खाच खोल हवी आणि वजनही थोडं वाढतं.

या सगळ्यांत मनापासून पसंत करावी अशी रचना मात्र साधी आहे: दांडी जिथे संपते तिथे, शेवटच्या फ्रेटपाशी उघडं राहणारं भोकांचं छोटं चाक. हेडस्टॉक भरीव राहतो आणि दांडीही काढावी लागत नाही. सत्तरच्या दशकात लिओ फेंडर म्युझिक मॅन कंपनीत होते. तिथल्या १९७६ च्या स्टिंगरे बेसचा नट हेडस्टॉकवर होता. १९८४ मध्ये अर्नी बॉलने कंपनी घेतली आणि पुढे तिथल्या वाद्यांवर हे चाक आलं. आता ते शार्व्हेल कंपनीच्या अनेक गिटारींवरही दिसतं, आणि शार्व्हेल फेंडरच्याच मालकीची आहे. तारा सुरात असतानाच चाकाच्या भोकात बारीक दांडा घालून थोडंसं फिरवायचं, सूर पुन्हा लावायचा आणि आठव्या फ्रेटवरची फट तपासायची. झणझण उरली असेल तर आणखी थोडं.