बेसमेंटची भिंतच इमारतीचा पाया होऊ शकते का?

आमच्या पिंपळगाव रेणुकाईकडे विहीर खणताना वरच्या काळ्या मातीची कड ढासळते, म्हणून तेवढा भाग बांधून काढतात. खाली मुरूम आणि मग काळा पाषाण लागला की कड आपली आपण उभी राहते. पण जिथे 20-30 मीटर नुसता चिखल आणि पाणीच आहे, शेजारी पाच मजली इमारत आहे, तिथे तळघर कसं खणणार?

तिथे आधी भिंत आणि मग खड्डा. या भिंतीला डायफ्राम वॉल किंवा स्लरी वॉल म्हणतात. साधारण 60 सेंटीमीटर ते सव्वा मीटर रुंदीचा चर तुकड्या-तुकड्याने खणायचा, आणि खणतानाच त्यात बेंटोनाइट मातीची स्लरी भरत जायची. (आपल्याकडे कच्छमध्ये बेंटोनाइट भरपूर मिळतं.) स्लरीची पातळी भूजलापेक्षा वर ठेवली की तिचा दाब कडांना रेटून धरतो, शिवाय कडांवर तिची साय धरते, त्यामुळे ती झिरपून जात नाही. मग सळ्यांचा पिंजरा उतरवून पाइपने थेट तळाशी काँक्रीट सोडतात. ते जड, म्हणून खालून वर चढतं आणि स्लरीला बाहेर ढकलतं. 1984 साली सुरू झालेल्या कोलकाता मेट्रोची स्टेशनं अशाच भिंतींच्या आत खणली.

आता तुम्ही म्हणाल, एवढी महाग भिंत फक्त माती अडवायला? बऱ्याचदा हो. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरची स्लरी वॉल हडसन नदीचं पाणी अडवत होती, टॉवर्सचं वजन वेगळ्या पायावर होतं. 2001 मध्ये टॉवर्स पडले, भिंत टिकली.

पण वजनही घेता येतं. क्वालालंपूरचे पेट्रोनास टॉवर्स अशाच पद्धतीने ओतलेल्या, सुट्या भिंतीसारख्या खांबांवर उभे आहेत. त्यांना बॅरेट म्हणतात. काही 100 मीटरपेक्षा खोल आहेत.

माझ्या मते खरी परीक्षा तळाशी असते. स्लरीतली वाळू खाली बसली आणि त्यावरच काँक्रीट पडलं, तर भिंत गादीवर उभी राहते. नुसती माती अडवायची असेल तर ते एकवेळ चालतं, वजन घ्यायचं असेल तर नाही. म्हणून काँक्रीटआधी स्लरी गाळून वाळू काढतात, आणि काही ठिकाणी पिंजऱ्यात ठेवलेल्या नळ्यांतून नंतर तळाशी सिमेंटचं पाणी दाबाने भरतात. कडांवरची ती साय जाड झाली तर माती-भिंतीची पकडही कमी होते.

शिवाय भिंत आणि आतले कॉलम सारखेच खचतील असं नाही. भिंत 5 मिलिमीटर आणि कॉलम 25 मिलिमीटर बसला, तर मधल्या स्लॅबला तडा जाऊ शकतो. हा फरक डिझाइनच्या वेळीच मोजावा लागतो.